दुसऱ्या भागातला दीड सेकंद

पालमच्या बसस्टँडवर उतरून "मोटारवाला सुगत" एवढंच विचारा, चहावाला बोट दाखवील. बोअरच्या, विहिरीच्या जळालेल्या मोटारी खोलायच्या, काळी पडलेली तार काढून फेकायची आन नवी तांब्याची तार भरायची, हे त्येचं काम. पूर्ण नाव सुगत खंदारे. परभणीच्या आयटीआयमधून शिकून आला, स्टँडसमोर पत्र्याचं दुकान टाकलं आन एकतीस वर्षांचा होस्तोवर तारेचे वेढे मोजत बसला. एक वेढा कमी पडला तरी अख्खी मोटार परत खोलणारा माणूस. शेतकरी शिव्या घालतेत, "आरं उद्या पाण्याची पाळी हाय, दे की लवकर!" पण ह्यो हालत न्हाई.

त्येच्या समोर माझं दुकान. मी बन्सीधर. आता पीक विमा, सातबारा, दाखले असले ऑनलाइन फॉर्म भरतो, पण आधी तिथं माझं नेट कॅफे होतं. पाच मशिनी होत्या. एकीवर पंखा होता, बाकीच्या आपल्या नशिबानं चालायच्या. गाव मला तोंडाळ बन्सी म्हणतं. म्हणू द्या, खोटं न्हाई ते. गोष्ट सुगतची सांगायलोय, पण त्यात जी चूक झाली ती माझी हाय, हे आधीच बोलून ठेवतो. मागून कुणी मला धरू नये.

सुगतला नाद होता गोळीबाराच्या गेमचा. 'ग्रे पिकेट' त्येचं नाव, पाच भाग निघालेत आत्तापर्यंत. पहिला भाग माझ्या कॅफेत आला तवा सुगतला नीट मिसरूडबी फुटलं नव्हतं. दुसरी पोरं खेळायची, आरडाओरडा करायची आन घरी जाऊन विसरायची. ह्यो वहीत लिहून ठेवायचा. मोटारीची जशी नोंद ठेवतेत, किती खाचा, किती वेढे, कोणत्या जाडीची तार, तशी ह्येची गेमची नोंद. बंदुकीत गोळ्या किती, परत भरायला किती सेकंद लागतेत, एका आडोशापासून दुसऱ्यापर्यंत किती पावलं. आन सगळ्यात मोठा रकाना एकाच गोष्टीला: शत्रूनं तुमाला बघितल्यापासून त्येची पहिली गोळी सुटेपर्यंत वखत किती जातो.

मी म्हणायचो, "लेका, एवढा अभ्यास बारावीला केला असता तर कलेक्टर झाला असतास."

"कलेक्टरला कुठं लढाई बघायला मिळती, काका?" असं म्हणून त्यो परत स्क्रीनमधी डोकं घालायचा.

दुसरा भाग आला तवा त्यो आयटीआयला होता. त्या उन्हाळ्यात माझी चार नंबरची मशीन तापून तापून बंद पडायली होती. परभणीचा रिपेरीवाला म्हणला, हिचा स्पीड उतरवून ठेवा, न्हाई तर जाईल कामातून. उतरवला. चांगला अर्ध्याच्याबी खाली आणला, आन विसरून गेलो. त्याच मशीनवर दुसरा भाग टाकलेला होता. एक दिवस मी कुणाचा तरी फॉर्म भरायलोतो, प्रिंटरमधी कागद अडकलेला, माणूस डोक्यावर उभा. तेवढ्यात सुगत विचारतो, "काका, चित्र अडखळायलंय. मशीन स्लो हाय का काय?"

आता मशीन स्लो हाय म्हणलं की पोरं उठून दुसऱ्या कॅफेत जाणार. मी मान वर न करता बोललो, "मशीनला काय धाड भरलीय? गेमच तसा हाय!"

उचलली जीभ आन लावली टाळ्याला. सुगत "बरं" म्हणला. मोठ्या माणसानं सांगितलं म्हंजे विषय संपला, असा त्येचा स्वभाव. त्येनं वहीत लिहून घेतलं.

पुढं कॅफे बंद पडलं, पोरांच्या हातात मोबाईल आले. मी चार मशिनी विकून टाकल्या. चार नंबर कुणी घेतली न्हाई, ती टेबलाखाली पडून राहिली. सुगतनं जुनं लॅपटॉप घेतलं, चौथा-पाचवा भाग त्यावर खेळला. पण दुसरा भाग काही केल्या त्या लॅपटॉपवर चालत न्हवता, म्हणून तेवढ्यासाठी त्यो माझ्याकडं यायचा, टेबलाखालून चार नंबर ओढायचा आन खेळत बसायचा. मला काय, बसू दे बापडा.

लॉकडाऊनमधी त्येनं व्हिडिओ टाकायला सुरू केले. गेम दाखवायचाच न्हाई. फक्त वहीचं पान, त्यावर पेन्सिल धरलेला हात आन त्येचा आवाज. "जय भीम. मी सुगत, पालमहून बोलायलोय." असं म्हणून चालू. मी सगळे ऐकलेत. समोर दुकान हाय, न ऐकून सांगतो कुणाला?

पहिल्या भागाबद्दल त्यो म्हणायचा, "ह्यात शत्रू दिसला की ठोकतो. थांबणं न्हाई, बघणं न्हाई. आपल्याजवळ गोळ्या कमी, औषधाचे लाल डबे कमी. मंग आपण काय करतो? कोपऱ्यावर डोकं काढायच्या आधीच बंदूक चालवत निघतो. भीती वाटती, पण ती गोळ्या संपायची भीती हाय. समोरच्या माणसाची न्हाई."

तिसऱ्यावर त्येचा लय राग. तिसऱ्यात एक बटन दाबलं की आपला गडी भिंतीला चिकटतो आन तिथं बसल्या बसल्या जखमा आपोआप बऱ्या होतेत. सुगत म्हणायचा, "भिंतीला टेकून जखम बरी होत असती तर आपल्या सरकारी दवाखान्याच्या भिंतीला रांग लागली असती की. लढाईत चुकीची किंमत द्यावी लागती. इथं चुका, भिंतीमागं दम खा, परत चुका."

चौथा तर त्येनं धुऊनच काढला. "नकाशा जिल्ह्याएवढा केलाय, पण करायचं काय त्यात? शत्रूच्या डोक्यावर पट्टी, पट्टीवर आकडा. हिरवी बंदूक टाका, जांभळी उचला. लढाई कुठं हाय? आठवडी बाजारात भाजी निवडायलोय आपण." पाचव्याला त्येनं मान दिला. त्यात शत्रू एकमेकाला हाका मारतेत, एकजण गोळ्या झाडून तुमाला दाबून ठेवतो, दुसरा मागून फिरून येतो. "डोस्कं लावलंय बनवणाऱ्यानं," म्हणायचा, "पण थांबा न्हाई."

ह्यो थांबा म्हंजे त्येच्या सगळ्या वहीचा देव. त्यो दुसऱ्या भागात होता. "दुसऱ्या भागातला शत्रू तुमाला बघतो, खांदा वळवतो, बंदूक वर करतो आन थांबतो. दीड सेकंद. मी शंभरदा मोजलंय. तेवढ्यात तुमी मारू शकता, लपू शकता, पळू शकता. तुमी ठरवायला लागता. आन समोरचाबी ठरवायलाय असं वाटतं. त्येलाबी जीव हाय असं वाटतं. म्हणून दुसऱ्या भागातला एक शत्रू चौथ्यातल्या पन्नासाला भारी हाय."

खाली लोक लिहायचे, "कुठला थांबा? आमाला तर दिसला न्हाई." सुगत उत्तर द्यायचा, "डोळे उघडून खेळा." मीबी हसायचो. मशीनचा स्पीड उतरवला होता, ह्येची मला आठवणच न्हवती.

गेल्या जानेवारीत त्येला पुण्याहून फोन आला. गेम बनवणारी कंपनी, फोन करणारी निकिता म्हणून मुलगी. त्येंच्या गेममधले शत्रू कसे वागतील ते ठरवायचं काम तिच्याकडं. तिनं सगळे व्हिडिओ बघितले होते. म्हणाली, आमचा शत्रू हुशार केलाय, पण खेळणाऱ्याला मजा येत नाही. तुम्ही सांगता तो थांबा आमच्या लोकांना समजावून द्याल का? आठ दिवस या. जमलं तर कायमचं काम देऊ.

सुगत फोन ठेवून माझ्या दुकानात आला आन नुसता उभा राहिला. पंधरा वर्षं ज्या वहीला गाव हसलं, ती वही कुणीतरी मागितली होती. मंग म्हणला, "काका, वेढे मोजून मोजून डोळे चालले माझे. हे जमलं तर बरं होईल." एवढंच.

त्येची आई बायनाबाई अंगणवाडीत मदतनीस हाय. तिनं मला वाटेत गाठलं. "बन्सीभाऊ, खरं सांगा. गेम खेळायचा पगार देतेत का कुठं?"

"देतेत," मी म्हणलं. "तुमच्या पोराला देतील."

निघायच्या आदल्या दिवशी सुगत शेवटचं एकदा मोजायला आला. मी टेबलाखालून चार नंबर ओढून चालू केली. चालू होताना काळ्या पडद्यावर आकडे येतेत, तसे आले. त्यात स्पीडचा आकडा बघितला मात्र, सगळं आठवलं. तो उन्हाळा, तो रिपेरीवाला, अडकलेला कागद आन माझं तोंड. सुगत स्टॉपवॉच लावून मोजायला बसला. "बघा काका, दीड म्हंजे दीड!"

तवाच बोलायला पाहिजे होतं. न्हाई बोललो. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणलं. गेम खरंच तसा असलाच तर? उगाच पोराचं मन कशाला मोडा? सकाळी स्टँडवर गेलो ते सांगायलाच गेलतो. ह्यो वही पिशवीत घालून छातीशी धरून उभा. मी जवळ गेलो आन म्हणलं, "पाण्याची बाटली घेतली का?" गाडी गेली. मी तसाच दुकानात येऊन बसलो, दिवसभर गिऱ्हाइकांवर खेकसलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन.

"जेवलात का, काका?"

"जेवलो. बोल."

"चार नंबरचा स्पीड उतरवला होता का तुमी?"

"हो," म्हणलं. "तुला आठवतं, तू विचारलं होतंस..."

"आठवतं."

मंग त्येनं सांगितलं. पहिल्याच दिवशी दहा-पंधरा जण जमवले होते, मोठा पडदा, भारीतली मशीन, दुसरा भाग लावलेला. सुगत म्हणला, आता बघा, ह्यो थांबंल. शत्रूनं खांदा वळवला आन गोळी आली. सुगत मेला. परत लावलं, परत मेला. सात वेळा. एकजण हसला. वही उघडून दाखवली तर दुसऱ्यानं विचारलं, हे आकडे आणलेत कुठून? संध्याकाळी निकितानंच शोधून काढलं. त्या जुन्या गेममधला शत्रू घड्याळ बघत न्हाई, पडद्यावरची चित्रं मोजतो. वीस चित्रं झाली की गोळी. चांगल्या मशीनवर सेकंदाला साठ चित्रं पळतेत, पापणी लवस्तोवर वीस संपतेत. माझ्या चार नंबरवर सेकंदाला चौदा पळायची.

"अकरा वर्षं मी गेम मोजायलोच नव्हतो, काका," सुगत म्हणला. "तुमची मशीन मोजायलोतो. लो व्होल्टेजनं जळालेल्या मोटारी दिवसभर खोलतो मी. आन मलाच कळू नये? दिव्याखाली अंधार."

"मंग सांग त्येंना! बन्सी म्हाताऱ्यानं फसवलं म्हणून सांग!" मी ओरडलो. माझी चूक असली की माझा आवाज चढतो, ही जुनी इल्लत हाय.

"सांगून काय व्हायचंय? वही माझी हाय." मंग म्हणला, "मशीन हाय ना अजून? भंगारात न्हाई ना दिली? ती पाठवा. त्येंना आकडे खोटे वाटायलेत. खेळून बघितल्याबिगर न्हाई कळायचं. पाच दिवस राहिलेत माझे."

"पार्सलचा भरवसा न्हाई," मी म्हणलं. "मीच आणतो."

चार नंबर जुन्या चादरीत बांधली आन मांडीवर घेऊन पुण्याला गेलो. परभणीपर्यंत कंडक्टर म्हणत होता, खाली ठेवा की. मी म्हणलं, तुझं लेकरू ठेवशील का खाली? सकाळी पोचलो तर ऑफिस असलं थंडगार की अंगावर काटा आला. एक पोरगा ब्रश घेऊन मशीनची धूळ झटकायला निघाला. "हात लावू नको!" मी खेकसलो. "जशी हाय तशी लाव!" धूळ निघून मशीन पळायला लागली तर काय करता? निकिता म्हणाली, "काका बरोबर बोलतायत, राहू दे तशीच." मुलगी समजदार हाय.

मशीन लावली. पंखा खरखरायला लागला तशी दोघं-तिघं तोंड दाबून हसली. सुगत स्वतः खेळला न्हाई. पहिल्या दिवशी जो हसला होता त्येलाच त्येनं खुर्चीवर बसवलं. म्हणला, "तुमीच खेळा."

त्यो पोरगा तयारीचा होता. दोन खोल्या धाडधाड साफ केल्या. तिसऱ्या खोलीत दाराआडून शत्रू निघाला. खांदा वळवला, बंदूक वर केली आन थांबला. पोराची बंदूक त्येच्यावरच रोखलेली होती, बोट बटनावर होतं. त्येनं दाबलं न्हाई. गपकन् पिंपामागं लपला.

सुगतनं विचारलं, "मारलं कामून न्हाई? समोर तर होता."

पोरगा जरा गोंधळला. "माहीत नाही. मला वाटलं, हा मारणार नाही."

खोलीत कुणी हसलं न्हाई. निकिता पुढं आली, त्येला उठवून स्वतः बसली. खेळली. मंग तिसरा बसला. दुपार झाली तरी चार नंबरसमोरची खुर्ची रिकामी होईना. माझी मशीन कॅफे चालू असतानाबी एवढी चालली नव्हती.

शेवटी निकिता म्हणाली, "पण सुगत, हा थांबा त्या गेमचा नाहीये. बनवणाऱ्यांनी तो ठेवलेलाच नाही."

"न्हाई," सुगत म्हणला. "आकडा बरोबर हाय. वर नाव चुकलंय." त्येनं वही उघडली, पानाच्या माथ्यावर 'दुसरा भाग' लिहिलं होतं ते पेन्सिलनं खोडलं आन तिथं लिहिलं, 'बन्सीकाकाची मशीन'.

मला ऱ्हावलं न्हाई. उभा राहून सगळ्यांसमोर बोललो, "ह्यात ह्येची काय चूक न्हाई. ह्येनं मला तवाच विचारलं होतं, मशीन स्लो हाय का म्हणून. मीच खोटं बोललो. ह्यो माझ्यावर भरवसा ठेवून फसला." सगळी लोकं माझ्याकडं बघायलीत, मला कुठं तोंड लपवावं ते कळंना.

सुगतनं माझ्यापुढं खुर्ची सरकवली. "बसा, काका. चहा घ्या."

आठ दिवस संपले तवा कंपनीनं त्येला ठेवून घेतलं. पालमचं दुकान त्येनं आयटीआयच्या एका मित्राला चालवायला दिलं. त्यो मित्र वेढे बरोबर मोजतो का न्हाई देव जाणे, लोक मात्र म्हणतेत काम लवकर मिळतंय. बायनाबाई पुण्याला जायला तयार न्हाई. अंगणवाडी सोडून मी तिथं काय करू, म्हणती. पण कुणी विचारलं की सांगती, "माझा सुगत लढाया ठरवतो." लोकांना काही कळत न्हाई, पण ऐकायला भारी वाटतं.

चार नंबर तिकडंच हाय. तिला कुणी पुसत न्हाई, तशी पाटीच लावलीय म्हणं.

चौदा एप्रिलला सुगत गावी आला. मिरवणुकीला अवकाश होता. पांढरा शर्ट घालून दुकानात आला, माझ्या पुढ्यातले फॉर्म बाजूला सारले आन लॅपटॉप मांडला. नवंकोरं, भारीतलं. "आमचा गेम हाय काका, अजून बाहेर आला न्हाई. खेळा."

"मी? अठ्ठावन्न वर्षांचा झालो मी. उभ्या जन्मात गेम न्हाई खेळला."

"म्हणूनच खेळा."

कोणतं बटन कशाचं ते सांगून त्यो चहा प्यायला समोरच्या बाकावर बसला. मी धडपडत चाललो, भिंतीवर आदळलो, एक गोळी छताला मारली. पडक्या गोदामासारखं काहीतरी होतं. दार उघडलं, आतून एकजण निघाला. त्येनं मला बघितलं. खांदा वळवला, बंदूक वर केली. मला वाटलं, गेलो. आन त्यो थांबला. माझ्याकडं बघत थांबला. काय सांगू, मी बटनावरचं बोट उचललं.

"आरं सुगत!" मी ओरडलो. "ह्यो थांबला कामून? अडखळायलंय का तुझं लॅपटॉप?"

सुगतनं बशीतला चहा ओढला आन मान वर न करता बोलला, "लॅपटॉपला काय धाड भरलीय, काका? गेमच तसा हाय."